बंदुकीची तिजोरी: कोणती घ्यावी आणि घरात नेमकी कुठे बसवावी?

आडवाट

मंडळी, वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या तीन बंदुका रीतसर कागदपत्रं होऊन आता माझ्या नावावर आल्या आहेत: बारा बोअरची एक दुनळी, एक पॉइंट टू-टू रायफल आणि एक रिव्हॉल्वर. वडिलांनी त्या आयुष्यभर लाकडी कपाटात ठेवल्या. कपाटाला साधं कुलूप, आणि किल्ली त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत. ती किल्ली कुठे असते हे मला सातव्या वर्षीच माहीत होतं. आता माझी मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, त्यामुळे ही आठवण स्वस्थ बसू देत नाही.

त्यात गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत दोन घरं भरदिवसा फुटली. तेव्हा तिजोरी घ्यायचीच हे ठरलंय. प्रश्न दोन आहेत. एक, कोणती घेऊ? जाहिराती वाचून डोकं गरगरलंय, प्रत्येकाचीच सगळ्यात मजबूत. दुसरा, ठेवू कुठे? माझ्याकडे तीन जागा आहेत: वरच्या मजल्यावरची आमची झोपायची खोली, खालचं गॅरेज आणि जिन्याखालची अडगळीची खोली. बायकोचं मत गॅरेज, माझं मत झोपायची खोली. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उंबरठा

आडवाट, तुम्ही विचारताय तेच मी सहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझी तिजोरी गेली. तिजोरीतल्या वस्तू नव्हे, अख्खी तिजोरी गेली.

नव्वद किलोची होती. दोन माणसांनी घाम गाळून ती घरात आणली होती, म्हणून मला वाटायचं की ही कोण उचलणार! जमिनीला बोल्ट मारायचे होते, तळाला चार भोकंही तयार होती, सोबत बोल्टची पुडी आली होती. फरशी नवी होती, तिला भोकं पाडायला मन होईना. पुडी तिजोरीच्या आतच पडून राहिली.

आम्ही लग्नाला गेलो होतो, दोन दिवस. परत आलो तर मागचं दार उचकटलेलं. झोपायच्या खोलीत पलंगाजवळची जाड सतरंजी नाहीशी. फरशीवर खोलीपासून मागच्या दारापर्यंत दोन समांतर ओरखडे, बोटभर रुंद, आणि दाराच्या उंबऱ्याचा एक टवका उडालेला. तिजोरी आडवी पाडून सतरंजीवर घेतली आणि घसरत नेली, बस. कुलपाला त्यांनी हातही लावला नसणार. ते काम त्यांनी नंतर, सावकाश, कुठेतरी केलं असेल. आणि मागचं दार ज्या पहारेने उचकटलं ती माझीच, बागेत भिंतीला टेकवून ठेवलेली. तिथेच टाकून गेले होते.

बंदूक मिळाली नाही अजून. दागिने गेल्याचं दुःख सरलं, पण ती बंदूक कुणाच्या हातात असेल आणि तिने कुणाचं काय होईल, हे रात्री-अपरात्री मनात येतं. गोळीबाराची कुठलीही बातमी मी दोनदा वाचतो. म्हणून हात जोडून सांगतो, आधी बोल्टचं बघा, बाकी सगळं नंतर.

कडीकोयंडा

उंबरठा, वाचून वाईट वाटलं. आणि तुम्ही सांगितलंत तेच पहिलं आहे, याला माझं पूर्ण अनुमोदन.

बंद पडलेल्या, किल्ली हरवलेल्या, चोरांनी अर्धवट फोडलेल्या तिजोऱ्या उघडणं हा माझा धंदा. वीसेक वर्षं झाली. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दुकानात गेलात की विक्रेता आधी दाराचे दांडे दाखवतो. चाक फिरवलं की अंगठ्याएवढे चकचकीत दहा-बारा दांडे बाहेर येतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. तुम्ही दांडे मोजू नका. दार उघडं असताना चौकटीची कड चिमटीत धरून बघा. दांडा कितीही जाड असला तरी तो अडकतो चौकटीच्या पत्र्यामागे. पत्रा पातळ असेल तर पहारेखाली चौकट वाकते आणि दांडा आहे तसा सरळ, बिनओरखड्याचा मोकळा होतो. मोडलेला दांडा मी क्वचितच पाहिलाय. वाकलेली चौकट मात्र नेहमीची.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेज उलटं चालतं, आकडा मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज म्हणजे १.९ मिलिमीटर, १२ गेज सुमारे २.७, १० गेज ३.४ आणि ७ गेज साधारण साडेचार. १२ पेक्षा पातळ घेऊ नका, १० परवडलं तर फार चांगलं. दाराच्या जाडीला भुलू नका. दहा सेंटिमीटर जाड दिसणाऱ्या दारात बहुतेक जागा आगीसाठी घातलेल्या जिप्समच्या पाट्यांची असते. पोलाद किती मिलिमीटर, एवढंच विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

बाहेरच्या बिजागऱ्या बघून पुष्कळ लोक घाबरतात, ‘कापल्या तर दार निघेल ना?’ दाराच्या बिजागरीकडच्या बाजूलाही आतून दांडे किंवा अख्खी पट्टी चौकटीत बसत असेल तर बिजागऱ्या कापूनही दार जागचं हलत नाही. उलट बाहेरच्या बिजागरीमुळे दार पूर्ण उघडतं. तेव्हा बिजागरीकडे नको, त्या बाजूच्या आतल्या पट्टीकडे बघा.

आता प्रमाणपत्रं. अमेरिकेत घरगुती बंदुकीच्या तिजोरीवर बहुधा ‘आरएससी’ असा शिक्का असतो, म्हणजे रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर, यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेच्या १०३७ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे. पहिल्या पातळीचा अर्थ इतकाच, की एका माणसाने साध्या हातहत्यारांनी पाच मिनिटं झटापट केली तरी ती उघडली नाही. पाच मिनिटं! दुसऱ्या पातळीला दोन माणसं आणि दहा मिनिटं. त्याच्या वरची टीएल-१५ आणि टीएल-३० ही खरी जड जात, तिथे विजेची हत्यारंही वापरतात आणि पंधरा किंवा तीस मिनिटं मोजतात ती निव्वळ कामाची. हत्यार पोलादावरून उचललं की घड्याळ थांबतं. युरोपात हलक्या कपाटांसाठी ईएन १४४५० (एस१ आणि एस२) आणि वरच्या दर्जासाठी ईएन ११४३-१ आहे. या दुसऱ्या मानकात एक गोष्ट मला फार आवडते: हजार किलोपेक्षा हलकी तिजोरी असेल तर तिला जमिनीत जखडायची सोय असलीच पाहिजे आणि त्या जखडण्याचीही चाचणी होते. हजार किलो! उंबरठांची नव्वदची होती.

म्हणजे काय, तर तुम्ही तिजोरी घेता तेव्हा मिनिटं विकत घेता. ती मिनिटं वाढवायची कामं घरात होतात: जागा, बोल्ट आणि अलार्म. तीनशे किलोची महागडी तिजोरी मोकळ्या भिंतीला नुसती टेकवून ठेवण्यापेक्षा दीडशे किलोची कोपऱ्यात जखडलेली कधीही सरस.

जागेबद्दल उद्या लिहितो, आता एक काम आलंय.

सांजवात

कुलपाचा विषय निघायच्या आधीच सांगते, घरात मुलं असतील तर बोटाच्या ठशावर उघडणारी स्वस्त पेटी घेऊ नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ‘फोर्ट्रेस’च्या सुमारे ६१,००० बायोमेट्रिक तिजोऱ्या परत बोलावल्या होत्या. मालकाला वाटायचं ठसा नोंदवला गेलाय, पण पेटी कुणाच्याही बोटाने उघडायची. त्या सूचनेत एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा उल्लेख आहे. मी ते वाचलं त्या दिवशी आमच्या पेटीवर आधी माझं नोंदवलेलं बोट लावलं, मग नोंदवलेलं नसलेलं, मग धाकटीचं. तिन्हींतल्या माझ्या नोंदवलेल्या बोटानेच उघडली, पण तेवढ्या दोन मिनिटांत माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी आज हीच चाचणी करा. उद्या नको, आजच. बंदूक रिकामी करून, बाहेर काढून.

आणि आडवाट, किल्ली चष्म्याच्या डबीत असल्याचं तुम्हाला सातव्या वर्षी माहीत होतं ना? तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला आत्ता काय काय माहीत आहे ते एकदा शांतपणे विचारा. रागावू नका, नुसतं विचारा.

दिवाभीत

माझं मत जरा वेगळं आहे. तिजोरी दिसलीच नाही तर फोडणार कोण? वरच्या खोलीत कपड्यांच्या कपाटात, कपड्यांमागे लपवा. रात्री काही झालं तर हाताशीही राहील. गॅरेजमध्ये ठेवून रात्री खाली धावायचं का?

कडीकोयंडा

दिवाभीत, लपवणं चांगलंच, पण ते जखडण्यासोबत हवं, त्याच्या बदल्यात नको. झोपायची खोली ही चोराची पहिली खोली असते. गाद्या, कपाटं, खण, सगळं तिथेच आधी उपसलं जातं. कपड्यांमागे काय आहे हे त्याला अर्ध्या मिनिटात कळतं.

रात्री हाताशी हवी हा वेगळा विषय. त्यासाठी जमिनीत किंवा भिंतीत जखडलेली लहान पेटी असते, एकाच हत्यारापुरती. ज्या बारीक तारेने ती पलंगाला बांधायला सांगतात ती तार चांगल्या पकडीने तुटते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. तीन बंदुकांचं साठवण आणि रात्रीची सोय एकाच तिजोरीत बसवायला गेलं की दोन्ही कच्ची राहतात.

गॅरेज मात्र मी नको म्हणेन, आणि बोलतो ते पाहिलेलं. गॅरेजचं दार उघडं असताना रस्त्यावरून जाणाऱ्याला तिजोरी दिसते. चोराला गाडी आत घेऊन दार लावता येतं. ग्राइंडर, घण, पहार, जॅक सगळं तिथेच खिळ्याला टांगलेलं असतं. आणि तिथे आवाज झाला तरी घरात फारसा येत नाही. उंबरठांची पहार बागेत होती. चोर हत्यारं घेऊन फिरत नाही, तो तुमचीच वापरतो. ज्यांच्या घरात तिजोरी आहे त्यांनी ग्राइंडर आणि पहार कुलपात ठेवावी. एवढं जरी या धाग्यातून कुणी उचललं तरी पुष्कळ झालं.

आता कोपरा. मुद्दाम हिशोबाने सांगतो. पहार म्हणजे तरफ. सव्वा मीटरची पहार दाराच्या फटीत घातली आणि टेकू टोकापासून अडीच सेंटिमीटरवर आला, तर पन्नास किलोचा जोर जवळजवळ पन्नास पटीने वाढतो, म्हणजे दोन टनांच्या वर. तेच शेजारी भिंत असेल आणि जेमतेम वीत-दीड वीत पहार आडवी फिरत असेल, तर तोच माणूस चार-पाचशे किलोपुढे जात नाही. पोलाद तेच, कुलूप तेच, फक्त भिंत जवळ आली.

पण कुठली बाजू भिंतीकडे हवी? जिकडे दार उघडतं ती, हँडलकडची. पहार तिकडेच घालतात. बहुतेक तिजोऱ्यांच्या बिजागऱ्या उजवीकडे असतात, मग तिजोरी खोलीच्या डाव्या कोपऱ्यात बसवा. दार उजवीकडे मोकळं उघडेल आणि हँडलकडच्या फटीत लांब पहार शिरायला जागा राहणार नाही. लोक बरोब्बर उलटं करतात, कारण हँडलपाशी मोकळं उभं राहायला बरं वाटतं.

आणि आडवी पडू देऊ नका. तिजोरी पाठीवर पाडली की दोन माणसं पहारेवर अक्षरशः उभी राहू शकतात, अख्खं अंगाचं वजन दारावर. चार बोल्ट असतील तर ती पडतच नाही.

माझं मत जिन्याखालची खोली. तीन बाजूंना भिंत, खाली पक्की जमीन, वर तिरका जिना, म्हणजे माणसाला नीट उभंही राहता येत नाही. चोराची जितकी अडचण तितकं आपलं भलं.

पाहुणापक्षी

भाड्याच्या घरात काय करायचं? मालक भोक पाडू देत नाही.

उंबरठा

मालकाशी बोलून बघा. घर सोडताना चार भोकं सिमेंटने बुजवून देतो असं लिहून द्या. मी आता भाड्याच्याच घरात आहे आणि मालकाने ऐकलं, कारण मी त्याला काय घडलं ते सांगितलं. नाहीच ऐकलं तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा क्लबाच्या शस्त्रागारात ठेवता येते का ते तुमच्याकडच्या कायद्यात बघा. दुनळी असेल तर तिच्या नळ्या उतरवून वेगळ्या जागी ठेवा, रायफलचा बोल्ट (जमिनीत मारायचा नव्हे, गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) काढून वेगळा ठेवा. तेवढ्याने चोरी थांबत नाही, पण चोराच्या हाती चालू बंदूक लागत नाही.

ओळंबा

इमारतींचे हिशोब करतो, म्हणून वजनावर लिहितो. वरच्या मजल्यावर ठेवायची झाली तर हे लक्षात घ्या.

घरातल्या जमिनीवरचा चल भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरलेला असतो. समजा ३०० किलोची तिजोरी आणि आत ४० किलो सामान. तळ ६० बाय ५० सेंटिमीटरचा. म्हणजे ०.३ चौरस मीटरवर ३४० किलो, चौरस मीटरला अकराशेच्या वर. आकडा बघून घाबरू नका, कारण ते २०० किलो संपूर्ण खोलीभर पसरलेले धरलेले असतात. बारा चौरस मीटरच्या खोलीला एकूण २,४०० किलो होतात. प्रश्न एकवटलेल्या वजनाचा आहे. भिंतीलगत, तुळईजवळ ते सहज पेलतं. खोलीच्या मध्यावर, विशेषतः लाकडी जमिनीवर, जमीन दबू शकते. लाकडी तुळया असतील तर तिजोरी एकीवर न येता दोन-तीन तुळयांवर आडवी येईल अशी ठेवा. ३०० किलोच्या पुढे गेलात तर एकदा अभियंत्याला दाखवाच.

दुसरं, भोक पाडण्याआधी खाली काय आहे ते माहीत करून घ्या. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा असतात, पोस्ट-टेन्शन म्हणतात. त्या तारेला ड्रिल लागलं तर जिवावर बेतू शकतं आणि स्लॅबचं नुकसान होतं ते वेगळंच. कधी जमिनीखालून पाण्याची किंवा जमीन तापवण्याची नळी गेलेली असते. स्कॅन करून मगच भोक पाडा.

दिवाभीत

ओळंबा, धन्यवाद. माझी तिजोरी वरच्या खोलीत मध्येच आहे, भिंतीपासून लांब. या रविवारी हलवतो.

तेलपाणी

सगळे चोराबद्दल बोलताहेत, मी गंजाबद्दल बोलतो. चोर येईल किंवा येणार नाही, गंज येतोच.

आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीत जिप्समच्या पाट्या असतात. जिप्समच्या वजनात जवळपास २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आगीत ते वाफ होऊन निघतं आणि म्हणूनच आतलं तापमान रोखलं जातं. उत्तम योजना आहे, पण एरवीही बंद तिजोरीतली हवा दमट राहू शकते. माझ्या आजोबांची बंदूक मी मऊ अस्तराच्या पिशवीत घालून तिजोरीत ठेवली होती, ‘ओरखडे नकोत’ म्हणून. चार महिन्यांनी काढली तर नळीवर अस्तराची वीण जशीच्या तशी उमटलेली, तांबूस बारीक जाळी. बोटाने पुसली तर बोटाला रंग. अजूनही तिरप्या उजेडात ती जाळी दिसते.

तेव्हा: स्पंज, चामडं, पिशवी काही नको, बंदूक उघडी उभी करा, हलकं तेल लावून. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहू द्या. वीज नेता येत असेल तर तळाशी ठेवायची तापदांडी मिळते, ती हवा किंचित कोमट ठेवते. नाहीतर ओल शोषणारं सिलिका जेल, पण ते भिजलं की ओव्हनमध्ये वाळवावं लागतं, हे लोक विसरतात. गॅरेजला माझाही नकार याच कारणासाठी.

तिजोरी थेट सिमेंटवर बसवू नका, ओल चढते. पातळ, कडक रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा खाली घाला.

कडीकोयंडा

पातळ आणि कडक, हे दोन्ही शब्द तेलपाणींनी अचूक वापरलेत. खाली बोट जाईल एवढी फट ठेवलीत तर पहारेला तोंड मिळतं.

आगीबद्दल एकच सांगतो. ‘अग्निरोधक’ एवढंच लिहिलं असेल तर कशावर तपासलं ते विचारा. यूएल ७२ च्या ‘क्लास ३५०’ मध्ये ठरलेला वेळ आतलं तापमान ३५० फॅरनहाइट, म्हणजे १७७ सेल्सिअसच्या वर जात नाही, कागद वाचतो. बाकी पुष्कळ कंपन्या आपापल्या भट्टीत तपासून आपापले आकडे लिहितात.

कुलूप राहिलं. आकड्यांची चकती (डायल) सावकाश, पण वर्षानुवर्षं चालते, बॅटरी नको. बटणांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप झटपट, दोघातिघांना वापरायला सोपं, पण ते प्रमाणित असू द्या: युरोपात ईएन १३००, अमेरिकेत यूएलचा शिक्का. अप्रमाणित स्वस्त डब्यांची कुलपं वरून बुक्की मारून उघडलेली मी पाहिलीत. बटणांखाली ‘आणीबाणीची किल्ली’ म्हणून लपवलेलं छोटं कुलूप असेल तर अख्ख्या तिजोरीचा दर्जा त्या किल्लीच्या कुलपाइतका. बॅटरी वर्षातून एकदा बदला, चांगली अल्कलाइन. बॅटरी संपली तरी कोड पुसला जात नाही, त्यामुळे घाबरून कुलूप तोडायला मला बोलवू नका, आधी बॅटरी बदलून बघा.

कारखान्याचा कोड पहिल्याच दिवशी बदला. कंपनीकडे स्वतःचा एक कोड राहतो का आणि तो काढून टाकता येतो का, तेही विचारा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या तिजोरी कंपनीने एका ग्राहकाचा कोड एफबीआयला दिला, तेव्हा कुठे हजारो लोकांना कळलं की आपला कोड कंपनीकडे आहे. जन्मतारीख, गाडीचा नंबर हे कोड नकोत. तुमच्या घरात शिरलेल्या माणसाच्या हातात तुमची सगळी कागदपत्रं असतात.

सांजवात

आणि बटणं पुसत जा. आमच्या पेटीवर चारच बटणं बोटांच्या तेलाने चमकत होती, लांबून दिसायची.

गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा हेही लिहून ठेवते, कुणी अजून लिहिलं नाही.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा आम्ही दोघांनी मिळून तीनदा वाचला. सहा आठवड्यांनी लिहितोय, कारण काम पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

घेतली ती १० गेजची, २१० किलोची, बटणांचं प्रमाणित कुलूप. ‘चौदा बंदुकांची’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात सहा-सात लांब बंदुका राहिल्या तरी खूप, दुर्बीण लावलेली असेल तर त्याहून कमी. नव्याने घेणाऱ्यांनी हा आकडा निम्माच धरावा.

बसवली जिन्याखाली, डाव्या कोपऱ्यात, हँडलची बाजू भिंतीकडे. भिंतीपासून चार बोटं अंतर आहे. बसवणारे उलट बाजूला ठेवायला निघाले होते, म्हणाले सगळे तिकडेच ठेवतात. मी कडीकोयंडांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्यांच्यातला मोठा माणूस फोन हातात घेऊन पुन्हा वाचत बसला आणि मग काही न बोलता त्याने ट्रॉली वळवली.

स्कॅन केलं ते बरं झालं. एका भोकाच्या जागेपासून तीन बोटांवर पाण्याची नळी निघाली. तिजोरी थोडी पुढे घेतली. चारही एम१२ अँकर (जमिनीत जखडायचे १२ मिलिमीटरचे बोल्ट) बसले. शेवटच्या भोकातली धूळ नीट निघाली नव्हती म्हणून तो अँकर आवळताना फिरत राहिला. मी ‘राहू दे, तीन आहेत’ म्हणणार होतो. उंबरठांची बोल्टची पुडी आठवली. अँकर काढायला लावला, भोक ब्रशने आणि हवेने साफ केलं, रेझिन (घट्ट होणारं चिकट रसायन) भरून पुन्हा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी आवळला. आता पान्याला हलत नाही.

तिजोरीचं खोकं मी दारात टाकलं नाही. फाडून, छापील बाजू आत दुमडून, दोन वेळा थोडं थोडं नेऊन टाकलं. गॅरेजमधला ग्राइंडर आणि पहार लोखंडी पेटीत, कुलपात. खोलीच्या दाराला अलार्मचा सेन्सर लावलाय आणि एक कंपनाचा सेन्सर थेट तिजोरीला. गोळ्या वेगळ्या. आर्द्रता ४६ टक्के.

सांजवातताई, मुलाला विचारलं. त्याला चष्म्याची डबी माहीत होती. कपाटही माहीत होतं. म्हणाला, ‘पण मी कधी उघडलं नाही, बाबा.’ मी त्याला जवळ घेतलं, दुसरं काही सुचलं नाही. लाकडी कपाट आता रिकामं आहे, किल्ली त्यालाच देऊन टाकली. तो त्यात चित्रकलेचं सामान ठेवतो.

सांजवात

आडवाट, हे वाचून डोळे भरून आले.

उंबरठा

चौथा बोल्ट नीट बसवलात, फार बरं केलंत.

कडीकोयंडा

उत्तम काम झालंय. दोन गोष्टी राहिल्या. तीन महिन्यांनी चारही बोल्ट एकदा पान्याने तपासा. आणि कोड जेव्हा जेव्हा बदलाल तेव्हा दार उघडं ठेवून, दांडे बाहेर काढून, नवा कोड तीन वेळा टाकून बघा. तिन्ही वेळा दांडे आत गेले तरच दार लोटा. बदललेला कोड चुकीचा नोंदला गेला आणि दार बंद करून टाकलं, अशी कामं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आडवाट

दार उघडं ठेवूनच केलं होतं, पण मी एकट्याने. आज संध्याकाळी बायकोकडून तिच्या हाताने तीन वेळा करून घेतो.